उजेड एकाचा, पोत दुसऱ्याचा : फुलरीनच्या प्रकाशमान द्रवस्फटिकाचे एक प्रकरण

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात मी शिकवतो आणि दोन-तीन संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. त्यांपैकी एका विद्यार्थिनीने जानेवारीच्या अखेरीस फुलरीनपासून, म्हणजे चेंडूसारख्या पोकळ कार्बन रेणूपासून, एक पदार्थ तयार केला. तो अतिनील विजेरीखाली धरला की स्वच्छ पिवळा उजेड देत असे, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा पातळ थर रंगीत, चकचकीत पोत दाखवत असे. उजेड देणारा आणि शिवाय द्रवस्फटिक (वाहणारा, पण रेणूंची शिस्त राखणारा) असणारा फुलरीनचा पदार्थ हेच तिच्या कामाचे उद्दिष्ट असल्यामुळे काम फत्ते झाले असे तिला वाटले, आणि मलाही वाटले. संशोधन स्पर्धेच्या पोस्टरचे शीर्षक त्याच आठवड्यात पाठवून झाले. पुढच्या तीन महिन्यांत असे निष्पन्न झाले की कुपीविषयीची आमची दोन्ही निरीक्षणे बिनचूक होती, मात्र रेणूविषयी त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकला होता. हे कसे घडले आणि कसे उलगडले, त्याची ही नोंद आहे.

प्रकरण समजण्यासाठी मूळ अडचण काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. सी-६० हा फुलरीनचा सर्वांत परिचित रेणू १९८५ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना सापडला आणि १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याच शोधासाठी या तिघांना मिळाले. साठ कार्बन अणू, बारा पंचकोन आणि वीस षट्कोन अशी त्याची फुटबॉलसारखी बांधणी असते. टोल्युइनमध्ये विरघळवला की त्याचा सुरेख जांभळा रंग येतो, पण त्या जांभळ्या द्रावणावर अतिनील प्रकाश टाकला तर डोळ्यांना काहीही उजळलेले दिसत नाही. याची कारणे दोन आहेत. रेणूची सममिती इतकी परिपूर्ण आहे की सर्वांत खालच्या उत्तेजित अवस्थेतून मूळ अवस्थेत प्रकाश देत उतरण्याची वाट नियमानेच जवळजवळ बंद असते. शिवाय उत्तेजित झालेला रेणू सुमारे एका नॅनोसेकंदात त्रिक (ट्रिप्लेट) अवस्थेत, म्हणजे जेथून प्रकाश देणे आणखी अवघड अशा अवस्थेत, घसरतो, आणि हे घसरणे जवळजवळ शंभर टक्के असते. तेथून ती ऊर्जा बहुतेक वेळा हवेतल्या ऑक्सिजनला जाते. परिणामी शोषलेल्या दहा हजार फोटॉनांमागे अनुस्फुरणाच्या रूपाने जेमतेम दोन-तीन फोटॉन परत मिळतात. सी-६० प्रकाश भरपूर घेतो आणि जवळजवळ काहीच परत देत नाही.

द्रवस्फटिकाची अडचण वेगळ्या जातीची आहे. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोलेस्टेरिल बेन्झोएट तापवले, तेव्हा ते १४५.५ अंशांवर वितळून गढूळ द्रव झाले आणि १७८.५ अंशांवर तो गढूळपणा एकाएकी निवळला. या दोन टप्प्यांमधली जी अवस्था, तिच्यात पदार्थ वाहतो, पण त्याचे रेणू काही एका शिस्तीत राहतात. ही शिस्त राखण्यासाठी रेणूला लांबट किंवा चपटा आकार लागतो, अशी समजूत पुष्कळ काळ होती. लांबट, म्हणजे काडीसारख्या रेणूंची उदाहरणे आरंभापासून हाती होती. चपट्या, म्हणजे चकतीसारख्या रेणूंची अवस्था बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिली. (खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेगळे, विद्यार्थी हा गोंधळ दर वर्षी करतात.) गोल चेंडूला मात्र ना डोके ना शेपूट, त्यामुळे त्याला रांगेत उभे करण्यासाठी आधी त्याचा गोलपणा मोडावा लागतो.

उजेड आणि शिस्त या दोन्ही अडचणींवर एकच तोडगा निघतो, हे टोकियो विद्यापीठातील एइची नाकामुरा यांच्या गटाने टप्प्याटप्प्याने दाखवले. १९९६ साली त्यांनी तांब्याचे सेंद्रिय अभिकारक वापरून सी-६० च्या एका पंचकोनाभोवती पाच गट एकाच झटक्यात बसवले. त्या पाच गटांना लांब हात जोडले की रेणूचा आकार बॅडमिंटनच्या फुलासारखा होतो. आपल्याकडे पळसाच्या पानांचे द्रोण जसे एकात एक बसवून त्यांची उभी चळत लावतात, तसे हे शंकू एकात एक बसतात आणि त्यांचे खांब तयार होतात. असे खांब स्फटिकात आणि द्रवस्फटिकातही होतात, हे २००२ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००३ साली त्याच गटाने वरच्या पंचकोनाभोवती पाच आणि नेमके समोरच्या, खालच्या पंचकोनाभोवती पाच असे दहा गट बसवले. असे केले की वरचे दहा आणि खालचे दहा कार्बन मूळ जाळ्यातून बाहेर पडतात आणि मध्ये चाळीस कार्बनांची, दहा बेंझीन वलयांची एक बांगडी शिल्लक राहते. या बांगडीचे नाव सायक्लोफेनासिन. मूळ चेंडूची सममिती मोडल्यामुळे आणि इलेक्ट्रॉनांचे जाळे लहान झाल्यामुळे ही बांगडी पिवळा उजेड देते, आणि तो सी-६० च्या तुलनेत शंभर पटींहून अधिक असतो. याच दहा गटांना लांब साखळ्या लावल्या की वर एक शंकू, खाली एक शंकू आणि मध्ये उजेड देणारी कंबर असा रेणू होतो. जपानी गटाने २००९ मध्ये अशाच रेणूंपासून उजेड देणारे द्रवस्फटिक केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी या आकाराला बो-टायची उपमा दिली. आम्ही त्याला डमरू म्हणतो, आणि हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण डमरूची कंबरही अशीच गोल असते.

आमच्या विद्यार्थिनीने हाच डमरू वेगळ्या साखळीसह करायला घेतला होता. फिनाइल वलयाच्या एका टोकाला ऑक्सिजन आणि त्याला बारा कार्बनांची सरळ साखळी, असा प्रत्येक हात होता. आधी या हाताचा ब्रोमाइड, त्यापासून ग्रिन्यार अभिकारक (मॅग्नेशियमचे सेंद्रिय संयुग), त्यात तांब्याचा ब्रोमाइड-डायमिथाइल सल्फाइड संयुग आणि पिरिडीन, आणि शेवटी डायक्लोरोबेंझीनमध्ये विरघळवलेला सी-६०, असा क्रम होता. पाचावर न थांबता आठ आणि दहा गट बसवण्यासाठी तांब्याच्या अभिकारकात पिरिडीन घालण्याची युक्तीही त्याच जपानी गटाची आहे. आम्ही सी-६० फक्त ७२ मिलिग्रॅम, म्हणजे एक दशांश मिलिमोल घेतला होता, कारण तो विकत घेताना ग्रॅममागे हजारो रुपये मोजावे लागतात आणि आमचे अनुदान तुटपुंजे आहे. डायमिथाइल सल्फाइडचा उकडलेल्या कोबीसारखा वास दोन दिवस मजल्यावर रेंगाळत होता, आणि शेजारच्या वर्गातील प्राध्यापकांनी त्याबद्दल केलेली तक्रार रास्त होती.

येथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. एका चेंडूला दहा हात लावायचे असतील तर अभिकारक दहा पट घेऊन भागत नाही. शेवटचे हात लागण्यासाठी तो त्याहून कितीतरी अधिक घ्यावा लागतो. उरलेल्या अभिकारकाचे दोनपैकी एक काहीतरी होते. पाणी घातले की काही भाग साधा अल्कॉक्सीबेंझीन होतो. तांब्यावर बसलेल्या गटांना हवा लागली की दोन-दोन गट एकमेकांना जोडले जातात आणि बायअरिल तयार होते. आमच्या बाबतीत हे बायअरिल म्हणजे मध्ये बायफिनाइलचा ताठ दांडा आणि दोन्ही टोकांना बारा कार्बनांची शेपटी असलेला लांबट रेणू. मिश्रणात मेथॅनॉल घालून फुलरीनचा पदार्थ साक्याच्या रूपाने खाली बसवण्याची पद्धत आहे. साधा अल्कॉक्सीबेंझीन त्या मेथॅनॉलबरोबर वाहून जातो, पण दोन लांब शेपट्यांचे बायअरिल मेथॅनॉलमध्ये फारसे विरघळत नाही, त्यामुळे तेही साक्यातच बसते.

आमच्या साक्यात ते होते आणि आम्हाला दिसले नाही. याचे कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक ठिपक्यांच्या रूपाने वेगळे दाखवणाऱ्या, पट्ट्या पाहण्याच्या पेटीतील २५४ नॅनोमीटरची नळी दिवाळीपासून गेलेली होती. नवी मागवण्याचा अर्ज कार्यालयात पडून होता, आणि तोवर आम्ही नोटा तपासण्याच्या जातीची ३६५ नॅनोमीटरची विजेरी वापरत होतो. बायअरिल सुमारे ३०० नॅनोमीटरच्या वरचा प्रकाश शोषतच नाही, म्हणून त्या विजेरीखाली ते पट्टीवर असून नसल्यासारखे होते. २५४ च्या दिव्याखाली पट्टीच्या हिरव्या पार्श्वभूमीवर त्याचा काळा ठिपका लख्ख उठला असता. आयोडीनची बरणीही कपाटात होती आणि तिच्यातही तो ठिपका तपकिरी दिसला असता. परंतु विजेरीखाली एकच झळझळीत पिवळा ठिपका दिसत असताना आयोडीनची बरणी काढण्याचे कुणाला सुचले नाही. मलाही सुचले नाही, आणि सुचवणे हे माझे काम होते.

मग सूक्ष्मदर्शक. दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले की साधा द्रव काळा दिसतो. ज्या पदार्थात दिशेची शिस्त आहे, तो द्विप्रणमनामुळे, म्हणजे दिशेप्रमाणे प्रकाश वेगवेगळा वळवण्याच्या गुणामुळे, उजळ आणि रंगीत दिसतो. विद्यार्थिनीने काचपट्टीवर साका वितळवला, थंड केला आणि भिंगातून पाहिले, तेव्हा मध्यबिंदूपासून पसरलेल्या, पंख्याच्या काड्यांसारख्या रेषांचे गुच्छ दिसले. ती धावत माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “सर, फेज आली!” फेज म्हणजे द्रवस्फटिकी अवस्था. मी भिंगातून पाहिले आणि “छान आली आहे,” असे म्हणालो. घन स्फटिकही ध्रुवकांखाली तितकेच उजळ दिसतात, हे मी पदव्युत्तर वर्गात दर वर्षी शिकवतो. त्या दिवशी ते मला आठवले नाही, कारण आठवावे अशी माझी इच्छा नव्हती.

संशय आला तो आडवाटेने. ती विद्यार्थिनी रावेरकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातली आहे. विजेरी नवी होती तेव्हा तिने घरी पिकायला ठेवलेल्या केळ्यांवर ती टाकून पाहिली होती आणि पिवळी केळी निळसर उजळलेली पाहून ती चकित झाली होती. हे निरीक्षण नवे नाही. पिकत्या केळ्याची साल अतिनील प्रकाशात निळी उजळते, हे ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले आहे. सालीचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा असतो, तर निळा उजेड हरितद्रव्य मोडताना तयार होणाऱ्या वेगळ्याच रंगहीन रेणूंचा असतो. मार्चच्या सुरुवातीला तिचा प्रगती अहवाल वाचताना मी तिला सहज केळ्याची गोष्ट विचारली. ती सांगता सांगता मध्येच थांबली. “रंग एकाचा आणि उजेड दुसऱ्याचा,” ती म्हणाली, “मग आपल्याकडे पोत नेमका कुणाचा आहे, ते आपण पाहिलंय का?” आम्ही पाहिलेले नव्हते.

त्याच दुपारी पाहिले. उपाय अगदी घरगुती होता. काचपट्टी जागची न हलवता आधी काटकोनातल्या ध्रुवकांमधून पोताचे छायाचित्र घेतले. मग सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला, वरचा ध्रुवक काढला, खिडक्यांना काळे कापड लावले आणि बाजूने तिरकी विजेरी टाकली. विजेरीचा जांभळट प्रकाश डोळ्यांत येऊ नये म्हणून भिंगावर पिवळ्या जिलेटिन कागदाचा तुकडा चिकटवला. आता दिसत होता तो फक्त पदार्थाने दिलेला उजेड. ज्या जागी मघाशी पंख्याच्या रंगीत काड्या होत्या, त्या जागी काळ्या रेघा होत्या. त्या रेघांच्या मधल्या फटींमध्ये, मघाशी जेथे काळोख होता तेथे, पिवळा उजेड साचला होता. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तर एक दुसऱ्याची जणू उलट प्रत वाटत होती. पोत दाखवणारे उजेड देत नव्हते आणि उजेड देणारे पोत दाखवत नव्हते. काचपट्टी तापवली तेव्हा काड्या टोकांकडून आटत गेल्या आणि नाहीशा झाल्या. पिवळा भाग मात्र मधासारखा घट्ट, ध्रुवकांखाली काळा आणि विजेरीखाली उजळ, असा आधी होता तसाच राहिला. आच्छादक काच सुईने दाबून पाहिल्यावर काड्या वाहिल्या नाहीत, मोडल्या. द्रवस्फटिक दाबला तर त्याचा पोत वाहतो. मोडतो तो घन स्फटिक.

पोस्टरचे शीर्षक मागे घेण्याचे पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिले. विभागात यावर दोन मते पडली. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की पदार्थ उजेड देतो हे खरे आहे, पोत दिसतो हेही खरे आहे, तेव्हा “उजेड देणारा द्रवस्फटिकी पदार्थ” या शब्दांत खोटे काय आहे? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. या विषयाचे सगळे आकर्षण असे आहे की उजेड आणि शिस्त एकाच रेणूत असली तर रेणू रांगेत उभे राहताच उजेडही एका दिशेने ध्रुवित होऊ शकतो, आणि थरात पडलेले लहानसहान दोष पदार्थ वाहून आपोआप भरून निघू शकतात. उजेड देणारा गोंद आणि त्यात रुतलेल्या सुया, अशा मिश्रणाकडून यातले काहीही होणार नाही. एका भांड्यात दोन गुण असणे आणि एका रेणूत दोन गुण असणे यांत महत्त्व फक्त दुसऱ्याला आहे.

या सुयांची ओळख पटवणे फारसे अवघड गेले नाही. बाहेरच्या संस्थेत पाठवलेल्या नमुन्याचा एनएमआर आलेख (रेणूतील हायड्रोजन अणूंच्या परिसराची नोंद) तीन आठवड्यांनी आला. त्यात ७.४५ आणि ६.९४ पीपीएमजवळ दोन टोकदार दुभंगलेल्या रेषा होत्या, ज्या अशा बायअरिलच्या ओळखीच्या आहेत. फुलरीनवरच्या हातांच्या रेषा त्यांपासून वेगळ्या होत्या आणि एकाच पंचकोनाभोवतीचे पाच हात जसे २:२:१ या प्रमाणात दिसायला हवेत तशा गटागटाने दिसत होत्या. क्षेत्रफळांचा हिशेब केला तेव्हा फुलरीनच्या एका रेणूमागे बायअरिलचे सुमारे दोन रेणू निघाले. बायअरिलचा रेणुभार ५२३ आणि दहा हातांच्या डमरूचा ३३३७ धरला तर साक्याच्या वजनातला जवळजवळ पाव भाग बायअरिलचा होता. पाव भाग म्हणजे चिमूटभर अशुद्धी नव्हे. आधीच्या एनएमआरमध्ये या रेषा दिसल्या नव्हत्या का, असे कुणीही विचारील. आधीचा एनएमआर काढलाच नव्हता. पाळी येईपर्यंत थांबण्याऐवजी आम्ही विजेरीवर विश्वास ठेवला होता.

वेगळे करणे हे खरे काम होते. सिलिकाने भरलेल्या साध्या नळीत, म्हणजे कॉलमवर, दोघेही जवळजवळ बरोबर धावतात, कारण लांब साखळ्यांमुळे दोघेही सारखेच अध्रुवीय आहेत. पण आकारमानात दोघांत सहा पटींचा फरक आहे, आणि आकारमानानुसार वेगळे करणारे पॉलिस्टायरीनचे मणी मिळतात. टोल्युइनमध्ये फुगवलेल्या या मण्यांच्या कॉलममधून मोठा रेणू आधी बाहेर पडतो, कारण तो मण्यांच्या छिद्रांत शिरू शकत नाही. लहान रेणू छिद्राछिद्रांत रेंगाळत मागून येतो. शाळकरी मुले जत्रेत प्रत्येक दुकानापाशी थांबतात आणि मोठी माणसे सरळ मंदिराकडे जातात, असे मी तिला समजावले.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही मीटरभर उंचीच्या काचेच्या नळीत तो कॉलम लावला. गुरुत्वानेच चालवायचा असल्यामुळे थेंब फार सावकाश पडत होते आणि सगळ्या कामाला सकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ लागला. दुपारी वीज गेली, तेव्हा बाहेर बेचाळीस अंश होते आणि आत पंखा बंद. काळोख आयताच झाला होता म्हणून तिने विजेरी लावली, आणि कॉलमच्या मध्यावर, बोटभर रुंदीचा, काठ अगदी रेखीव असलेला पिवळ्या उजेडाचा पट्टा दिसला. आम्ही तिघे, म्हणजे ती, मी आणि प्रयोगशाळेतील काका, घाम पुसत तो पट्टा खाली सरकताना पाहत बसलो. काका म्हणाले, “हा तर विहिरीत उतरणारा कंदील झाला.” पट्टा नळीबाहेर पडल्यानंतर आलेल्या थेंबांत विजेरीखाली काहीच दिसत नव्हते. मात्र तोवर आलेल्या २५४ च्या नव्या नळीखाली त्यांचा काळा ठिपका पट्टीवर उठला. टोल्युइन उडवल्यावर त्या थेंबांतून पांढऱ्या सुया मिळाल्या, आणि काचपट्टीवर त्यांनी तोच पंख्याच्या काड्यांचा पोत दाखवला. पडताळा म्हणून आम्ही शुद्ध पिवळ्या पदार्थात मुद्दाम पाव भाग सुया परत मिसळल्या, आणि जानेवारीतले चित्र जसेच्या तसे परत आले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच होता. चूक पुन्हा करून दाखवता आली म्हणजेच ती नीट कळली.

पोताचा मालक सापडला, तरी उजेडाचा मालक कोण हे अजून सिद्ध व्हायचे होते. एकदा फसल्यानंतर दुसरी गोष्ट गृहीत धरण्यात अर्थ नव्हता. रेणुभाराच्या आलेखात दहा हातांच्या रेणूबरोबरच आठ हातांच्या रेणूची, सुमारे २८१० च्या आसपासची, लहानशी खूण दिसत होती. उजेड त्या आठ हातांच्या भेसळीचा तर नसेल? यासाठी उद्दीपन वर्णपट काढला. निर्गम प्रकाशाची एक तरंगलांबी पक्की धरायची, आत टाकायच्या प्रकाशाची तरंगलांबी बदलत जायची आणि कोणता प्रकाश आत टाकल्यावर तो उजेड वाढतो हे मोजायचे. उजेड मुख्य रेणूचा असेल तर हा आलेख त्याच्या शोषणाच्या आलेखावर चपखल बसतो. उजेड भेसळीचा असेल तर तो भेसळीच्या शोषणासारखा येतो. आम्ही निर्गम प्रकाशाच्या तीन वेगवेगळ्या तरंगलांबी धरून पाहिले. तिन्ही आलेख एकमेकांवर बसले आणि शोषणाच्या आलेखावरही बसले. द्रावणातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढल्यावरही वर्णपटाचा आकार बदलला नाही. उजेड डमरूचाच आहे, असे आम्ही आता म्हणू शकतो.

शुद्ध पदार्थ मऊ, मेणासारखा, फिकट पिवळा होता. ध्रुवकांखाली तो ठार काळा होता. त्या संध्याकाळी विद्यार्थिनी काही बोलली नाही आणि मलाही काही सुचले नाही. चार वर्षांच्या कामातून द्रवस्फटिक वजा झाला, असेच दोघांना वाटत होते.

यावर तोडगा तापमानाने सुचवला. शोधनिबंधांत “खोलीच्या तापमानाला” असे लिहिलेले असते आणि वाचणारा ते २५ अंश धरतो. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमान चाळिशीला टेकते. ईथर ३४.६ अंशांना उकळतो, म्हणून उन्हाळ्यात आम्ही ईथरची बाटली उघडतच नाही आणि ग्रिन्यार टीएचएफ या अधिक तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात करतो. मग ज्या पदार्थाच्या साखळ्या मेणासारख्या मऊ आहेत, त्याची शिस्त आमच्या खोलीतच वितळून गेलेली नसेल कशावरून? बारा कार्बनांच्या साखळ्या थंडीत आवळतात आणि उष्म्यात सैल होतात. डमरूंची रांग टिकायची तर त्या साखळ्यांनी थोडे तरी आवळून राहावे लागते.

काचपट्टी सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत घालून तिने ती रात्रभर शीतकपाटात ठेवली. पिशवीची काळजी घेतली नसती तर बाहेर काढताच काचेवर दव जमले असते आणि दवाच्या थेंबांनी आणखी एक खोटा पोत दाखवला असता. सकाळी आठला, खोली अजून तिसाच्या आत असताना, तिने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. जानेवारीसारखे पंखे तेथे नव्हते. बारीक, धूसर, राखाडी-पिवळसर ठिपक्यांची जाळी होती, एखाद्या जुन्या सुती कापडासारखी. सुईने काच दाबली तेव्हा ती जाळी मोडली नाही. ताणली गेली, एका बाजूला वाहिली आणि सावकाश पुन्हा जुळली. दिवा बंद करून विजेरी टाकली तर त्याच जागी, त्याच जाळीत, पिवळा उजेड होता. पोत आणि उजेड पहिल्यांदाच एका जागी आले होते. दहा-बारा मिनिटांत काचपट्टी खोलीच्या तापमानाला आली, जाळी कडेकडून विरत गेली आणि चौकट काळी झाली. उजेड राहिला.

हा पुरावा आशा वाटावी इतका आहे, निकाल द्यावा इतका नाही. वाहणारा पोत म्हणजे द्रवस्फटिक असण्याची शक्यता दाट होते. पण अर्धवट गोठलेला मऊ स्फटिकही काही वेळा असा भास निर्माण करतो. डीएससीच्या, म्हणजे तापमान बदलताना पदार्थ किती उष्णता घेतो-देतो ते मोजणाऱ्या उपकरणाच्या, आलेखात थंड करताना एक बुटका, पसरट उंचवटा दिसला आहे, पण त्याचा अर्थ रेणूंची मांडणी कळल्याशिवाय लावता येत नाही. शंकू एकात एक बसून खांब झाले आहेत, की डमरू आडवे पडून थर झाले आहेत, हे कमी तापमानावरच्या क्ष-किरण विकिरणानेच ठरेल. त्यासाठी नमुना थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्यांसह रेल्वेने मुंबईला नेला, आणि विद्यार्थिनीने संपूर्ण प्रवासात तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

प्रबंधाच्या त्या प्रकरणात आता तीन विधाने स्वतंत्रपणे लिहिली आहेत : उजेड डमरूचा आहे, जानेवारीचा पोत बायअरिलचा होता, आणि शीतकपाटातल्या पोताचा स्वभाव ठरायचा आहे. बायअरिलच्या सुयांची छायाचित्रे, आमच्या चुकीची छायाचित्रे म्हणून, परिशिष्टात घालावीत असा माझा आग्रह होता. परीक्षक काय म्हणतील या भीतीने ती आधी तयार नव्हती, मग तयार झाली. क्ष-किरणांचा निकाल अजून आलेला नाही, आणि शीतकपाटातल्या कुपीवरच्या चिठ्ठीत “द्रवस्फटिक” या शब्दापुढे तिने पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्ह तसेच आहे.